दोनदा वाजणारा हॉर्न

आमच्या शेजारचे मेश्रामसाहेब पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा त्यांनी आधी खुर्ची तपासली. पाठीला धरून हलवली, वाकून चारी पाय पाहिले, खिशातला बारका टॉर्च काढून खालचे स्क्रू पाहिले आणि मग म्हणाले, "बसायला हरकत नाही, वहिनी." माझ्या हातात गरम पोळी. म्हटलं, आता पोळीवरही टॉर्च मारतात की काय! मारला नाही, पण बोटाने दाबून पाहिली.

माणूस नागपूरचा. इथे परदेशात वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत धातूचे तुकडे मोडेपर्यंत ताणून बघण्याचं काम करतो आणि घरी येऊनही तेच करत बसतो. लिफ्ट आली की आधी एक पाय आत टाकून जोर देऊन बघणार, आणि आम्ही सगळे मागे ताटकळत. "तपासल्याबिगर बोलू नये," हे त्यांचं पेटंट वाक्य. एकदा मी सहज म्हटलं, आज फारच उकडतंय हो. तर लगेच खिशातून थर्मामीटर काढून म्हणाले, "कालच्यापेक्षा कमीच आहे." अशा माणसाशी गप्पा तरी कशा मारायच्या? त्यांच्या बायकोला, सुनंदाताईंना, ते बरोबर जमायचं. "अहो, पुरे," एवढंच म्हणायच्या आणि हे टॉर्च खिशात ठेवायचे. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून त्यांना पुरे म्हणणारं कोणी उरलं नाही.

तर या माणसाने बॉनेटसुद्धा न उघडता जुनी गाडी विकत घेतली.

"रोड टॅक्स संपलेला आहे. इन्स्पेक्शनही चुकलेलं आहे," ते अगदी आनंदाने मला सांगत होते. "चाक रस्त्याला लावता येत नाही. शनिवारी ट्रकवर टाकून आपल्या पुंगोलला आणून राहिलो. तुम्ही चला."

"अहो, मी येऊन काय करू?"

"साक्षीदार पाहिजे."

कशाला साक्षीदार, ते मग सांगितलं. गाडी हौगांग भागातल्या एका चिनी म्हाताऱ्याची. तो रोज संध्याकाळी बायकोला बाहेर न्यायचा. खालून दोनदा हॉर्न वाजवायचा की म्हातारी तयार होऊन खाली उतरायची. तो वारला, आणि गाडी कारपार्कच्या उघड्या गच्चीवर नुसती उभी राहिली. आणि मधूनच, आत कोणी नसताना, दोनदा वाजायला लागली. वाजली की म्हातारी खिडकीत धावायची. शेवटी मुलाला ते बघवेना, त्याने गाडी विकायला काढली. त्यात हा चिनी लोकांचा सातवा महिना, म्हणजे भुतांचा. आपल्याकडे पितृपक्षात कोणी गाडी घेईल का? तसंच. मुलगा प्रामाणिक होता, फोन करणाऱ्या प्रत्येकाला हॉर्नचं सांगायचा, आणि पलीकडचा माणूस फोन ठेवून द्यायचा. एकट्या मेश्रामसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला पाहिजे.

"तुमचा विश्वास आहे भुतांवर?" मी विचारलं.

"आमच्या घरी भूतबित, अंगात येणं, काहीच चालत नव्हतं. वडील मास्तर होते, भुताचं नाव काढलं तर छडी मारायचे." मग म्हणाले, "पण मी काही तपासलं नाही ना अजून."

मला भुतांची भीती वाटते, सांगून टाकते. पण न जाता मला झोप तरी लागली असती का?

शनिवारी दुपारी हौगांगला पोचलो. ब्लॉकखालच्या गवतावर उदबत्त्या, संत्री, भाताचे वाडगे मांडलेले. जाळलेल्या कागदी नोटांची राख अंगावर येत होती. कारपार्कच्या गच्चीवर एकच गाडी, राखाडी कव्हरखाली. मुलाने कव्हर ओढलं. आत बाकी काही नव्हतं, पण ड्रायव्हरच्या जागी लाकडी मण्यांचं आसन होतं आणि ते बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे खोलगट झालेलं होतं. पाठ, मांड्या, सगळं दिसत होतं. मी नजर दुसरीकडे वळवली.

टो-ट्रकवाला पन्नाशीचा, दंडावर ड्रॅगन गोंदलेला. त्याने गाडीसमोर तीन उदबत्त्या लावल्या आणि हात जोडून म्हणाला, "अंकल, वी गो पुंगोल, ओके? डोन्ट अँग्री लाह." मेश्रामसाहेबांनी वहीत लिहिलं: चालकाने परवानगी मागितली. उत्तर नाही.

मग तो बॅटरीची वायर काढायला बॉनेटकडे वळला. असलं काही वाहून नेताना वायर काढलेली बरी, असं त्याचं म्हणणं. झालं! मेश्रामसाहेब दोन्ही हात पसरून बॉनेटसमोर उभे. "नो! नोबडी टच! ॲज इट इज, माय होम!" एवढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वायर काढली तर ते येईल कसं, वहिनी? आहे तसंच घरी गेलं पाहिजे." ते म्हणजे कोण, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

गाडी ट्रकवर चढली तेव्हा म्हातारी खाली आली होती. फुलाफुलांचा ब्लाउज, केस नीट विंचरलेले, बाहेर जायला निघाल्यासारखी. ती काहीतरी बोलली. मुलगा म्हणाला, "मदर आस्किंग, यू फाइंड आउट, यू कम अँड टेल हर, कॅन?"

"आय विल चेक," मेश्रामसाहेब छातीवर हात ठेवून म्हणाले. "आय विल टेल."

आम्ही तिघे ट्रकच्या केबिनमध्ये दाटीवाटीने बसलो. आभाळ भरून आलं होतं. पावसाची सर सुरू झाली, आम्ही उतारावरून खाली आलो, म्हातारीच्या समोरून वळलो. आणि मागे गाडी वाजली. एकदा. मग अजून एकदा.

ट्रकवाल्याने कचकन ब्रेक मारला. मी मेश्रामसाहेबांची बाही धरली, अगदी घट्ट. आरशात म्हातारी दिसत होती. पावसात भिजत तिने हात वर केला होता, थांब, आलेच, असं म्हणताना करतात तसा. मेश्रामसाहेब पांढरे पडले असतील म्हणून मी वळून पाहिलं. तर ते हसत होते. सुनंदाताई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

आमच्या कॉन्डो सोसायटीचं आवार खाजगी, त्यामुळे ऑफिसात अर्ज करून तिथे गाडी ठेवता आली. मग हे रोज कामावरून आले की घडीची खुर्ची टाकून गाडीशेजारी बसायचे. मांडीवर वही, बाजूला चहाचा थर्मास. मुलं लांबून पळत जायची. माझी लेक म्हणाली, "मम्मी, अंकल इज वेटिंग फॉर द घोस्ट, इज इट?" मी तिला दटावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले. बारा दिवसांत गाडी चारदा वाजली, दरवेळी दोनदा. प्रत्येक वेळी ते खुर्चीतून उठून उभे राहिले, पाहुणा आल्यावर उभं राहतात तसे. मी ते गॅलरीतून पाहिलं आहे.

तेराव्या दिवशी दारावर टकटक झाली. मेश्रामसाहेब चिंब भिजलेले, हात ग्रीसने काळे.

"वहिनी, सापडलं."

"अगं बाई! सुटलो एकदाचे. काय होतं?"

"वायर आहे. एका जागी सोलली आहे. पाऊस आला की पाणी शिरते आणि हॉर्न वाजते. दोनदा वाजला की पाणी उडून जाते. मी मगाने पाणी टाकून पाहिलं. पाच वेळा टाकलं. पाचही वेळा वाजला."

"मग आता दुरुस्त करा आणि न्या इन्स्पेक्शनला!"

ते बूट काढायच्या स्टुलावर दारातच बसले. काळ्या हातांकडे बघत एखाद्याच्या मौतीची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "एकाचं जरी भूत खरं निघालं असतं ना, वहिनी. कोणाचंही चाललं असतं. मग सुनंदाही कुठे ना कुठे..."

बारा दिवस मी या माणसाला हसत होते. भूत नसतं हे सिद्ध करायला तो बसलाय असं मी समजत होते, आणि तो बिचारा वाट बघत होता.

पुढच्या शनिवारी आम्ही हौगांगला गेलो. शब्द दिला होता ना. हा माणूस खोटं बोलतच नाही. माझ्या लेकीच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, केक मधे कच्चा आहे. आता तो वायरीचा तुकडा काढणार, टॉर्च मारून म्हातारीला दाखवणार, आणि तिची संध्याकाळ कायमची संपणार.

म्हातारीने बार्लीचं थंडगार पाणी दिलं आणि समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मुलाने विचारलं, "सो? वायरिंग प्रॉब्लेम, इज इट?"

मेश्रामसाहेबांनी वही उघडली. पानं उलटली. मग वही मिटून मांडीवर ठेवली.

"ऑल चेक्ड, आंटी. वायर ओके. बॅटरी ओके. आय डोन्ट नो हू इज प्रेसिंग द हॉर्न."

मुलाने चिनीतून सांगितलं. म्हातारीने सावकाश मान डोलावली आणि काहीतरी विचारलं. पुंगोललाही दोनदाच वाजतो का, असं मुलाने सांगितलं.

"टू टाइम्स, आंटी. एव्हरी टाइम, टू."

ती हसली, त्यांच्या हातावर थोपटून काहीतरी पुटपुटली. मुलगा डोळे पुसत म्हणाला, "शी सेज, ही ऑल्वेज लाइक दॅट. नो पेशन्स."

आम्ही खाली उतरलो. एमआरटी स्टेशनच्या रस्त्याला लागलो. शेवटी मी म्हटलंच, "मेश्रामसाहेब, तुम्ही चक्क खोटं बोललात हो."

"तिचा तरी येऊ द्या, वहिनी," ते म्हणाले.