राणीचं काम

शारदोत्सवाच्या नाटकात आपली बायको साहेबांच्या बायकोला विष पाजणार आहे, हे मनोहरराव पौनीकरांना कळलं तेव्हा ते जेवायला बसले होते. घास हातातच राहिला.

"कोणाले पाजशील म्हणते?"

"यमुताईले. पहिल्याच अंकात," प्रेमिलाने पोळी वाढत सांगितलं. "केशरी दुधातून."

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. जरीपटका या वस्तीच्या पलीकडच्या त्या सरकारी क्वार्टर्समध्ये महिला मंडळाचं नाटक दर वर्षी व्हायचं आणि भूमिका नवऱ्यांच्या हुद्द्याप्रमाणे वाटल्या जायच्या. साहेबांची बायको राजा, इंजिनियरांच्या बायका सरदार, आणि ड्रायव्हरची बायको आलीच तर भालदार. यंदा शाळेतल्या गोपाळराव मास्तरांनी स्वतः नाटक लिहिलं होतं. त्यातली राणी कनकावती नवऱ्याला गादी मिळावी म्हणून थोरल्या दिराला, म्हणजे महाराजांना, विष देते आणि शेवटी भर दरबारात गुन्हा कबूल करून प्राण सोडते. राजा आहे एवढं ऐकूनच यमुताईंनी ती भूमिका घेऊन टाकली होती. तो पहिल्या अंकातच मरतो, हे सांगण्याची मास्तरांची छाती झाली नव्हती. राणीचं काम मात्र कोणी घेईना. असल्या बाईचं काम केलं तर लोक काय म्हणतील, असं सगळ्यांना वाटलं.

"मंग तूच काहून घेतलं?" मनोहररावांनी विचारलं.

"बाकीच्या नाटकभर रडतच राहतात. ही काही करते तरी. मले लय दिवसापासून असंच काम पाहिजे होतं."

मनोहररावांना त्या रात्री झोप आली नाही. ते साहेबांच्याच ऑफिसात क्लार्क होते आणि दसऱ्यानंतर भरायच्या हेडक्लार्कच्या जागेवर त्यांची आशा होती. त्यांचे वडील उमरेडला जन्मभर हातमागावर बसले. घराण्यात ऑफिसच्या खुर्चीवर बसलेले हे पहिलेच. अर्जावर सही साहेबांची, आणि साहेबांवर हुकूम यमुताईंचा, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तालीम दारातून पाहिली आणि होती ती हिंमतही गेली. एरवी दूधवाल्याशी हळू आवाजात बोलणारी प्रेमिला पेला घेऊन अशी काही पुढे आली, की भालदारीण दोन पावलं मागे सरकली. "घ्यावं महाराज. माझ्या हातचं आहे," ती गोड हसून म्हणाली. बारा वर्षं हिच्या हातचं आपण बिनघोर खात आलो, हे मनोहररावांना आठवलं. यमुताईंनी तर पेला घेतलाच नाही. डोकं दुखतंय म्हणून त्या घरी निघून गेल्या.

आता थांबून चालणार नव्हतं. प्रेमिलाला न सांगता मनोहरराव बंगल्यावर गेले.

"बाई, एक विनंती आहे," ते रुमाल पिळत म्हणाले. "राणीचं काम आपणच करावं. आमच्या घरच्यांना ते काही झेपत नाही. तिचीच तशी इच्छा आहे."

"तिची इच्छा?" पुण्याच्या यमुताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मोठं कोण, राजा की राणी?"

"राणी शेवटपर्यंत राहते, बाई. राजा लवकर आटोपतो."

"किती लवकर?"

मनोहररावांनी खरं ते सांगितलं. यमुताईंनी त्याच संध्याकाळी भूमिका बदलून घेतल्या. प्रेमिलाला दाढी मिळाली.

ती चिडेल, रडेल, भांडेल, अशी मनोहररावांनी तयारी ठेवली होती. प्रेमिला काहीच बोलली नाही. मात्र त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती चहा आणून द्यायची आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची. पूर्वी ती कधी अशी उभी राहत नसे.

"बस ना," ते म्हणायचे.

"घ्या तुम्ही. माह्या हातचा आहे," प्रेमिला गोड हसून म्हणायची.

मनोहरराव डोळे मिटून चहा प्यायचे आणि तासभर पोटाचा कानोसा घेत बसायचे. हिला कळलं आहे का? कळलं असेल तर बोलत का नाही? नसेल कळलं तर अशी हसते का? तीन आठवड्यांत त्यांची पँट दोन बोटं सैल झाली. झोपेत ते "मी नाही, मी नाही" असं बरळतात, हे शेजारच्या नत्थूजींनी त्यांना सांगितलं. नत्थूजींची खोली भिंतीपलीकडे होती. भिंतीअलीकडे प्रेमिला होती, म्हणजे तिनेही ऐकलंच असणार.

त्यात नवी पीडा उभी राहिली. यमुताईंना एकही वाक्य पाठ होईना. मास्तरांनी मनोहररावांना विंगेत प्रॉम्प्टर म्हणून बसवलं. यमुताईंनी मान किंचित विंगेकडे कलवायची, मनोहररावांनी वाक्य पुटपुटायचं, त्यांनी ते ठणकावून म्हणायचं, असं ठरलं. अडचण एवढीच होती, की विंगेतून जे येईल ते त्या म्हणायच्या. तालमीत मनोहरराव हलकेच म्हणाले, "बाई, खांबाला टेकू नका, रंग ओला आहे." यमुताईंनी प्रधानाकडे बोट रोखून कडाडून म्हटलं, "बाई, खांबाला टेकू नका, रंग ओला आहे!" तेव्हापासून मनोहरराव विंगेत खोकायलाही भीत.

नाटकाच्या दिवशी मैदान भरून गेलं. पहिल्या रांगेत साहेब. पहिल्या अंकात प्रेमिलाने दूध पिऊन झकास प्राण सोडला आणि टाळी घेतली. मग ती विंगेत आली, दाढी न काढताच मनोहररावांसमोरच्या ट्रंकेवर बसली आणि त्यांच्याकडे एकटक पाहत राहिली. दुसरा अंक झाला, तिसरा सुरू झाला, पण मेलेले महाराज ट्रंकेवरून हलेनात.

अखेर कबुलीचा प्रवेश आला. दरबार गप्प झाला. यमुताईंनी मान कलवली.

"सभाजनहो, हे पाप माझं आहे," मनोहरराव पुटपुटले.

"सभाजनहो, हे पाप माझं आहे!" यमुताई गरजल्या.

मनोहररावांनी पुढची ओळ पाहिली. 'ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांचाच मी घात केला.' त्यांनी वर पाहिलं, तर दाढीतून तेच दोन डोळे. तीन आठवडे धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं.

"प्रेमिला, मीच गेलो होतो वं बंगल्यावर," ते रडत कुजबुजले. "तुह्यं काम मीच काढून घेतलं."

मग यमुताईंनी दोन्ही हात आभाळाकडे नेले.

"प्रेमिला, मीच गेलो होतो वं बंगल्यावर! तुह्यं काम मीच काढून घेतलं!"

"हेडक्लार्क व्हायचं होतं मले. भेव वाटलं. माफ कर."

"हेडक्लार्क व्हायचं होतं मले! भेव वाटलं! माफ कर!"

आपण काय बोलून बसलो, हे तेव्हा मनोहररावांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. पण उशीर झाला होता. पुण्याची बाई आपल्या बोलीत एवढं काळीज तोडून बोलते, हे पाहून मैदानातल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या.

"पान उलटा," ट्रंकेवरून महाराज शांतपणे म्हणाले.

"पान उलटा!" यमुताईंनी हंबरडा फोडला आणि त्या कोसळल्या. पडदा पडला. टाळ्या थांबेनात.

साहेब आत आले, तेव्हा मनोहरराव पडद्याच्या दोराला धरून कसेबसे उभे होते. आता खुर्ची गेली, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं.

"पौनीकर," साहेब हळूच म्हणाले, "हेडक्लार्कची यादी श्रावणातच वर गेली हो. सीनियॉरिटीनं. तुमचं नाव पहिलंच आहे. कोणाला विचारायचं तरी." आणि ते बायकोचं अभिनंदन करायला गेले.

म्हणजे सगळं फुकटच गेलं होतं. मनोहररावांना आनंद व्हायला हवा होता, पण लाजेने मान वर होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिला अंगणात बसून हनुवटीला चिकटलेला डिंक तेलाने काढत होती. ते तिच्याजवळ जाऊन बसले.

"तुले कधी कळलं?"

"त्याच दिवशी. यमुताईनंच सांगितलं. 'तुझी इच्छा होती म्हणे', असं विचारून राहिल्या होत्या. मी हो म्हटलं."

"अन् तीन आठवडे बोलली नाही? मी रोज मरत होतो ना इकडे."

"काम तं मले करायचंच होतं," प्रेमिला म्हणाली. "स्टेज नाही भेटलं, मंग घरीच केलं. पाहणारे तुम्ही एकटेच." मग दारातून तालीम पाहिलेल्या माणसाला विचारावं तसं, जरा संकोचून तिने विचारलं, "कशी झाली हो राणी?"

मनोहररावांनी या वेळी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"लय भेव वाटलं वं मले," ते म्हणाले. "चहाचा घोट घशाखाली उतरत नव्हता."

"खरंच?" प्रेमिलाने विचारलं, आणि बारा वर्षांत मनोहररावांनी तिला इतकं खूश झालेलं कधी पाहिलं नव्हतं.