कंसातले बारा एकर

राजदीपच्या अंगावर बाबांचा मळका सदरा येऊन पडला आणि मागोमाग दीपाचा आवाज आला, "खिसे पाहा अवो. मागच्या बारीले तमाखूची पुडी धुतली म्या. साऱ्या बादलीचा काढा झालता."

खिशात या वेळी तमाखू नव्हती. अर्धा फाडलेला, चार घड्यांचा एक कागद होता. बाबांनी, म्हणजे भगवानराव मास्तरांनी, छत्तीस वर्षं फळ्यावर घोटलेलं अक्षर फुलसावंगीत कोणीही लांबून ओळखलं असतं. वर ‘वारसा’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्याखाली तीन ओळी होत्या:

आडवे : थोरला नाही, धाकटा नाही, बाहेरून आणलेला, तरी हक्काचा (३).
आडवे : यात वाट आहे, तरी वाट लागते (३).
उभे : जवाब देणारा साहेब; बापानंतर हाच (६).

राजदीपनं कागद दोनदा वाचला आणि तो मटकन ओट्यावर बसला.

आता शेताच्या वाटणीत उभं काय नि आडवं काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मास्तरांच्या शेताला पुढून रस्ता, मागं विहीर. उभं कापलं तर दोघा भावांना रस्ताही मिळतो नि पाणीही. आडवं कापलं तर पुढच्याला रस्ता, मागच्याला विहीर आणि दोघांनाही जन्मभराचं भांडण. कंसातले आकडे राजदीपनं बोटांवर मोजले. तीन, तीन आणि सहा. बारा! शेतही बरोब्बर बारा एकर. आता शंकेला जागा कुठे उरली?

"दीपा, बाबांनी वाटणी केली," तो म्हणाला.

दीपा ओल्या हातांनीच धावत आली. तिनं वाचलं आणि तिचं डोकं राजदीपपेक्षा दुप्पट वेगानं चाललं. "जवाब देणारा साहेब म्हणजे हृतिक भाऊजी! पुण्याले कंपनीत बसून दिवसभर लोकांच्या फोनले जवाबच तं देतात. त्याह्यले सहा एकर. आन तेबी उभे!"

"आन मले?"

"तुमाले हे. ‘यात वाट आहे, तरी वाट लागते.’ मधातली पट्टी, जिच्यातून साऱ्या गावाच्या बैलबंड्या जातात."

राजदीपला गलबलून आलं. बारा वर्षं तो ते शेत कसत होता. विहिरीतला गाळ त्यानं काढला, पाइपलाइन त्यानं टाकली, मागच्या नाल्याचा बांध त्यानं घातला. सात-बाऱ्यावर नाव नाही म्हणून त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. बापाच्या मनात तरी आपलं नाव असेल, एवढ्या भरवशावर तो गडी राबत होता. आणि मनात काय निघालं? बंडीवाट!

"पण हा तिसरा कोण?" दीपानं वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "बाहेरून आणलेला. तरी हक्काचा!"

राजदीपनं कागदाची घडी घालून खिशात टाकली.

दुपारी राजदीपनं हृतिकला फोन लावून वाटणी सांगितली. हृतिक नेहमी म्हणायचा, दादा, मला शेतातलं काही नको, सारं तूच पाहा. आजही तो म्हणाला, "मले काहीच नको दादा, तुले माहीत हाये." आणि थोड्या वेळानं, "सहा म्हणतं? विहीर कोणाकडं येते?"

राजदीपनं फोन ठेवून दिला.

संध्याकाळी तो बसस्टँडजवळ वाहिदच्या दुकानात गेला. वाहिद मोटारपंपाचा मिस्तरी. मास्तर रोज सकाळी पेपर वाचायला म्हणून त्याच्याकडे बसत आणि दोन तास उठत नसत.

"वाहिदभाई, बाबा तुमच्यासंग काय बोलत राह्यतात एवढं?"

वाहिदनं गुंडाळत असलेली तार खाली ठेवली आणि तो खुशीत आला. "अरे, तुले नाही सांगतलं का सरनं? मोठं काम करून राह्यले. कालच म्हणे, वाहिद, दत्तक पक्का बसला."

"दत्तक!"

"हौ ना. उत्तराधिकारी बसत नव्हता, तो भी बसला. उद्याच्या सकाळच्या गाडीनं यवतमाळले पाठवून राह्यले लिफाफा. एकदा गेला का मग बदल नाही." आणि लाजत लाजत त्यानं पुढं जोडलं, "त्याच्यात थोडा आपला भी हिस्सा हाये बरं का."

राजदीपच्या पायाखालची जमीन सरकली, म्हणजे त्यातले नेमके तीन एकर. ज्या वाहिदभाईनं पोळ्याला घरी येऊन पुरणपोळी खाल्ली, तोच हा? विहिरीवरची मोटर फुकटात दुरुस्त करायचा ती काय उगाच? एका शब्दानं माणूस मनातून कसा उतरतो बघा. रामराम न करताच राजदीप तिथून निघाला.

सकाळी तो उठला तेव्हा मास्तर घरात नव्हते.

"गेले! लिफाफा घेऊन गेले!" दीपा ओरडली. "पाह्यता काय? पळा न!"

राजदीप एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात दीपाची सपात घालून पळत सुटला. स्टँडवर यवतमाळची एसटी उभी होती. कंडक्टर दारात होता. मास्तर त्याच्या हातात लिफाफा देऊन सांगत होते, "संपादकाचा माणूस घ्याले येईन. दुमडू नको फक्त."

"थांबा!" राजदीपनं लिफाफा हिसकला. मास्तरांनी दुसरं टोक धरलं. बाप-लेकाच्या ओढाताणीत लिफाफा मधोमध टर्रकन फाटला. कंडक्टरनं दोघांकडे पाहिलं, घंटी वाजवली आणि गाडी निघून गेली.

"फाडलं?" मास्तर फाटक्या लिफाफ्याकडे पाहत म्हणाले. "बेकूफा, आठ दिवसांची मेहनत होती माही!"

"आन माही बारा वर्षांची?" राजदीप भर स्टँडवर ओरडला. "दत्तक घ्या, साहेबाले द्या, ज्याले द्याचं त्याले द्या! पण माह्या वाट्याले फक्त बंडीवाट काहून, बाबा? मी तुमचा कोणीच नाही का?"

त्यानं खिशातला कागद काढून त्यांच्यासमोर धरला. मास्तरांनी चष्मा सावरला आणि रागाचं आश्चर्य झालं. "हा तुह्यापाशी हाये का? चार दिवस झाले धुंडून राह्यलो!"

तेवढ्यात दुकानातून धावत आलेल्या वाहिदनं खाली पडलेले दोन तुकडे उचलून दुकानाच्या बाकावर जोडले. राजदीपनं वाकून पाहिलं. काळी-पांढरी घरं होती. आडवी, उभी. घराघरात एकेक अक्षर, आणि खाली कागदावरच्यासारख्याच ओळी.

"कोडं?" राजदीपच्या तोंडून एवढंच निघालं.

"शब्दकोडं. दिवाळी अंकाले, वारसा विषयावर," मास्तर म्हणाले. "घरी सांगतलं असतं तं तुमी म्हणले असते, म्हातारा रिकामा बसला."

"मग हे तीन, तीन, सहा?"

"अक्षरं बे! कंसात अक्षरं लिहितात. द-त्त-क, तीन. वा-ट-णी, तीन. उ-त्त-रा-धि-का-री, सहा."

"‘जवाब’ माह्या डोक्यातून निघाला," वाहिद अभिमानानं म्हणाला. "सर नुसतं ‘उत्तर’ लिहीत होते."

राजदीपला वाहिदच्या तोंडाकडे बघवेना. तो बाकावर बसून पायातली सपात न्याहाळू लागला. मास्तर त्याच्याशेजारी बसले. मग राजदीपनं फाटक्या तुकड्यावरची, कंस फाटून गेलेली शेवटची ओळ हळूच वाचली, "‘सात-बाऱ्यावर नाव नाही, पण शेत याच्याच खांद्यावर.’" आणि विचार न करता बोलून गेला, "थोरला."

मास्तरांनी मान वर केली.

"थोरला, बाबा. बरोबर हाये न?"

"दोनच घरं हायेत तिथं," मास्तर हळू म्हणाले. "बैल."

वाहिद तोंड फिरवून पंपाशी काहीतरी करू लागला. त्याचे खांदे हलत होते. राजदीपही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते मास्तरांना दिसले.

त्यांनी वाहिदकडून कोरा कागद मागितला. पट्टी लावून सारं कोडं नव्यानं आखलं. शेवटच्या उभ्या शब्दाखाली काळं घर यायचं होतं, तिथं त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी ते पांढरंच सोडलं.

"बाबा, बाकीचे शब्द बिघडतीन न?"

"बिघडू दे. परत जुळवीन." मास्तरांनी एकेक अक्षर भरलं. थो. र. ला. "आन सोमवारी महागावले जाऊ, तहसीलीत. इथं घर वाढवलं तसं तिथं सात-बाऱ्यावर नावबी वाढवा लागन. मले वाटे, तुले माहीत हाये."

"माहीत होतं," राजदीप म्हणाला. आणि मग खरं बोलला, "नव्हतं."

दिवाळीत अंक निघाला. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी हृतिकचा पुण्याहून फोन आला. "दादा, बाबांचं सारं कोडं सुटलं, एकच अडलं. ‘सात-बाऱ्यावर नाव नाही, पण शेत याच्याच खांद्यावर.’ मी बैल लिवलं, तं एक घर उरते."

राजदीप ओट्यावर कापूस वेचून आलेल्या बायांना चहा देत होता. त्यानं किटली खाली ठेवली.

"उरू दे," तो म्हणाला. "ते घर माह्यं हाये."