हवाई अंतर : एक भिंत

दोन्ही शहरांतल्या नागरिकांनी विमानांच्या आवाजाबद्दल तक्रारी केल्या आणि दोन्ही नगरपालिकांनी त्या मनावर घेतल्या, ही या गोष्टीतली मूळ दुर्घटना. या शहराने विमानतळ थोडा बाहेर नेला. त्या शहरानेही नेला. मागोमाग वस्ती आली, तक्रारी आल्या, विमानतळ आणखी सरकले. सरकता सरकता एके दिवशी दोघे पाठीला पाठ लावून उभे राहिले. मध्ये छातीएवढी भिंत. विमानसेवा जनतेच्या आग्रहास्तव चालूच राहिली. अंतर : एक भिंत. उड्डाणाचा वेळ : पन्नास मिनिटं. कारण एकदा वर नेलेल्या प्रवाशाला न हिंडवता खाली आणणं हा त्याचा अपमान ठरतो.

चष्म्याच्या दुकानात काम करणारे जावईबापू याच विमानाने सासरी निघाले होते. बायको माहेरी बाळंत झाली होती. मुलगी महिन्याची झाली तरी बापाने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. मालकाने हो-ना करत रजा दिली, ती फक्त आजची.

ते भिंतीपाशी आले, तर पलीकडे बायकोच उभी. कुशीत दुपटं.

"अहो, इकडे! बघा, नाक अगदी तुमच्यावर गेलंय. बाकी छान आहे."

जावईबापूंनी हात पुढे केला. पहारेकऱ्याने शिट्टी मारली.

"साहेब, कोपरापर्यंत परगावी गेलात. बोर्डिंग पास?"

"अरे बाबा, माझी मुलगी आहे ती!"

"असेल की. पण ती आगमनात आहे, तुम्ही निर्गमनात."

जावईबापू रडकुंडीला आले. ते पाहून पहारेकरी विरघळला. त्याने भिंतीतलं एक दार ढकललं. "झाडूवाल्यांसाठी आहे. मी तिकडं बघतो, तुम्ही सटका."

जावईबापूंनी पाऊल उचललं आणि तसंच हवेत धरून ठेवलं. पलीकडे सासरे आले होते आणि सासऱ्यांमागे अख्खी गल्ली. 'जावई विमानाने येतोय' हे त्यांनी घरोघर सांगितलं होतं. शेजारी तर दुर्बीण घेऊन आला होता.

"दारातून? चालत?" जावईबापू कुजबुजले.

"दोन ढांगा आहेत, साहेब."

"तेच म्हणतोय मी. एवढ्या लोकांदेखत!"

आणि ते विमानात बसले. विमान समुद्रापर्यंत गेलं, समुद्र जागेवर असल्याची खात्री करून परत आलं. उतरताच गल्लीने टाळ्या पिटल्या. सासऱ्यांनी कडकडून मिठी मारली. "प्रवास कसा झाला, जावईबापू?"

"जरा हादरे बसले."

"बसणारच," शेजारी जाणकारपणे म्हणाला. "लांबचा पल्ला!"

"पण ही कुठंय?"

ही भिंतीपलीकडे होती. "अहो, तिकडे बाळाला ऊन लागत होतं. सावली सगळी इकडे, म्हणून दारातून आले. आत्ताच डोळा लागलाय तिचा, हलवलं तर विमानतळ डोक्यावर घेईल. तुम्हीच या ना पटकन. दार उघडंच आहे!"

जावईबापूंनी दाराकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे. गल्ली श्वास रोखून उभी होती. शेजाऱ्याने दुर्बीण रोखली.

जावईबापू निमूटपणे तिकीट खिडकीकडे वळले. रांग मोठी होती. सताड उघड्या दारासमोरून ती वळसा घालून मागे गेली होती आणि दाराला धक्का लागू नये म्हणून माणसं अंग चोरून उभी होती. ते शेवटी जाऊन उभे राहिले. एवढ्यात मागून कोणी तरी खुसूखुसू हसलं. त्यांनी चिडून वळून पाहिलं, तर रांगेत तुम्ही.

"काय हो," तुम्ही हसू दाबत विचारलंत, "खिडकीजवळची जागा मिळेल ना?"