कुलूपसाहेबांच्या ताब्यातला पुदिना

त्या संध्याकाळी कुलूपसाहेबांनी ठरवलं ते एवढंच, की पुदिन्याच्या कुंडीवर आपला जुना मफलर टाकायचा. घरात पुढे जी उलथापालथ झाली तिचं मूळ या मफलरात आहे.

कुलूपसाहेब हे नाव त्यांना कचेरीनं बहाल केलेलं. चौतीस वर्षं त्यांनी रेकॉर्डरूम सांभाळली आणि त्या काळात तिथला एकही कागद गहाळ झाला नाही. (एकही कागद कुणाला वेळेवर मिळालाही नाही, पण तो मुद्दा वेगळा.) निवृत्त झाल्यावर मात्र घरात कुणी त्यांच्या ताब्यात काही देईना. गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं, तर ते दूध उतू जाईपर्यंत लक्ष देऊन पाहत बसत. शेजाऱ्यांनी गावाला जाताना सोपवलेला काचेच्या भांड्यातला मासा त्यांनी आठवडाभर इमानानं सांभाळला होता. त्यातले पहिले तीन दिवस तो जिवंत होता.

म्हणूनच बायको बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे निघाली आणि जाताना म्हणाली, "गॅलरीतल्या कुंड्या या खेपेला तुमच्याकडे," तेव्हा त्यांना बढतीची ऑर्डर हातात पडल्यासारखं झालं. पुदिना, सब्जा, पानांचा ओवा आणि गवती चहा. चारही थंडीला भिणारे जीव.

"आई, मी बघते की," सून म्हणाली.

"नको. त्यांनाच बघू दे."

मफलर टाकूनही दुसऱ्या दिवशी सकाळी पुदिन्याची तीन पानं काळवंडलेली दिसली. कुलूपसाहेबांनी ती तोडली नाहीत, नुसती पाहिली. मग ते वाचनालयात गेले, बागकामाचं जाड पुस्तक घेऊन आले आणि दुपारभर खुणा करत बसले. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "यापुढे एकही पान जाणार नाही."

त्यांनी गॅलरीच्या खिडक्यांच्या फटींवर खळीनं कागदी पट्ट्या चिकटवल्या. गार फरशी बाधू नये म्हणून कुंड्या पाटावर चढवल्या. रोज सूर्य कलला की प्रत्येक कुंडीला गोधडीत गुंडाळून नाडीनं बांधायचं, सकाळी उन्हं आली की सोडायचं. गाठ अर्थात रेकॉर्डरूमची, म्हणजे बांधणाऱ्याखेरीज कुणाला सुटू नये अशी. (पहिल्या दिवशी ती बांधणाऱ्यालाही सुटली नाही. नाडी कापावी लागली.)

वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीचं दार सारखं उघडतं आणि वारा आत शिरतो, हे लक्षात येताच त्यांनी दाराला कडी घातली आणि शेजारी चिठ्ठ्यांचं पॅड टांगलं. नाव, वेळ, दार उघडण्याचं कारण.

"बाबा, मला टॉवेल हवाय," मुलगा न्हाणीघरातून म्हणाला.

"चिठ्ठी?"

"मी ओला आहे, बाबा."

"मग सूनबाई, तू लिही. 'करिता' म्हणून सही कर."

आठवडाभरात थंडी आणखी कडक झाली आणि बैठकीतला हीटर गॅलरीत गेला. मुलगा जेवायला कोट घालून बसू लागला.

"बाबा, आम्ही माणसं आहोत," तो म्हणाला.

"तुम्हाला पाय आहेत. फेऱ्या मारा, ऊब येईल. पुदिना कुठे फिरायला जाणार?"

"निदान तुमचं पांघरूण तरी घ्या परत. रात्रभर कुडकुडता."

"ते ओव्याला लागतं."

सुनेनं सासूला फोन लावला. "आई, इथे हिवाळा घराच्या आत आलाय. फक्त गॅलरी सोडून."

"कुंड्या कशा आहेत?" सासूनं विचारलं.

"कुंड्या मजेत आहेत."

"मजेत?" म्हणून सासूनं फोन ठेवला.

तीन आठवडे सरले आणि बायको आली. कुलूपसाहेबांनी स्वतःच स्वतःला चिठ्ठी लिहून (कारण: तपासणी) दार उघडलं. पुदिना कुंडीबाहेर ओसंडला होता. ओव्याची पानं कानाएवढी झाली होती. गवती चहा खिडकीला टेकला होता.

बायको उंबऱ्यातच थबकली. "जगलं?"

"सगळं," कुलूपसाहेब म्हणाले. नाक वाहत होतं, पण मान ताठ होती.

"सगळंच?"

"सब्ज्याला तर तुरे आलेत."

ती हातातल्या पिशवीसकट एका रिकाम्या पाटावर बसली. त्यांना वाटलं, गहिवरली.

"येताना वेताची खुर्ची सांगून आलेय," ती शेवटी म्हणाली. "उद्या येईल."

"खुर्ची कशाला?"

"इथे टाकून उन्हात बसणार होते. सहा वर्षं या चौघांची उस्तवार करतेय, विटले हो मी. पण जितं रोप आपल्या हातानं उपटून टाकवत नाही."

"मग?"

"मग काय, तुमच्या हवाली करून गेले."

कुलूपसाहेब शिंकले.

"लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली," गवती चहाची पात डोळ्यांवरून बाजूला सारत बायको म्हणाली, "एकदा, फक्त एकदाच, तुमच्यावर डोळे मिटून विसंबून राहिले."