टाकीमागचा जावई

ओसरीवर सासूबाई जेवायला बसलेल्या दिसल्या आणि पारमुआत सुपाच्या भांड्यासकट पाण्याच्या टाकीमागे गेला.

जंगलातला तो लॉज दोनशे मासाई घरांच्या मालकीचा. प्रत्येक घरातल्या एकाने वर्षातून एक दिवस तिथे पाहुण्यासारखं राहायचं, असा ठराव होता. सासूबाईंच्या, म्हणजे नूनकिशूबाईंच्या घराची पाळी नेमकी आज आली. आणि आजच नैरोबीहून प्रवासी कंपनीच्या न्यांबुरा मॅडम पाहणीला आल्या होत्या. त्यांना जागा पसंत पडली तर पुढचा सगळा हंगाम भरणार. नाही तर लॉजला कुलूप आणि व्यवस्थापक पारमुआत पुन्हा भावाच्या शेळ्यांमागे.

"अरे, सूप निवतंय," स्वयंपाकी तिपिस येऊन कुजबुजला.

"त्या उठल्या का?"

"छे! तिसरी चपाती मागवलीय. मालकीणच ती, नाही कसं म्हणू? आणि मॅडम तुला विचारतायत."

"सासूसमोर कसा येऊ रे?"

"तोंडापुढे हे ताट धर अन् ये."

पारमुआत ताट धरून निघाला. ताटामुळे त्याला काही दिसेना, पण सासूबाईंना तो दिसला. सासू-जावयाने एकमेकांचं तोंड बघायचं नाही, या मासाई रीतीच्या त्याही पक्क्या. त्यांनी लाल शाल डोक्यावरून ओढली आणि सरळ टेबलाखाली शिरल्या. त्यांच्या गळ्यातल्या माळांचा आवाज ऐकून पारमुआत आल्या पावली टाकीमागे पळाला.

न्यांबुरा मॅडमनी हे पाहिलं. या रानात जन्मलेली दोन माणसं एकदम लपली, म्हणजे जवळच कुठेतरी बिबट्या असणार, असं त्यांना वाटलं. "काय आलंय?" त्यांनी तिपिसला हळूच विचारलं. सासू-जावयाची गोष्ट पाहुण्यांपुढे कशी काढायची, म्हणून तो ओठांवर बोट ठेवून एवढंच म्हणाला, "तिकडे बघू नका, मॅडम."

मॅडमही त्याच टेबलाखाली गेल्या.

नूनकिशूबाईंनी शालीतून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. पारमुआतला बघून एखाद्या बाईने टेबलाखाली शिरावं, याचं त्यांना माहीत असलेलं कारण एकच होतं: तीही त्याची सासूच असणार.

"तुम्हीसुद्धा?"

"हो ना!" मॅडम कुजबुजल्या. "तो आत्ता काही खाईल का हो?"

"आपल्यासमोर? पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाही."

"आणि आपली पाठ वळली की?"

"मग काय! अर्धी बकरी एकटा संपवतो."

मॅडमनी टेबलाचा पाय घट्ट धरला.

"तुमचं कधी झालं हे?" नूनकिशूबाईंनी विचारलं.

"मी आज सकाळीच आले."

"आज सकाळी! आणि माझ्या सिमालोईला पत्तासुद्धा नाही!" बाई खालूनच ओरडल्या, "तिपिस! विचार त्या माणसाला, माझ्या लेकीला न सांगता नैरोबीची दुसरी बायको केलीच कशी?"

सासूला थेट उत्तर देणं रीतीत बसत नव्हतं. टाकीमागून आवाज आला, "तिपिस, सांग त्यांना, मी कुणाचीही मुलगी केलेली नाही!"

तिपिस पुरता गोंधळला. तो टेबलाशी वाकला. "मॅडम, तुमची मुलगी याला दिलीय का?"

"मला मुलगीच नाही! दोन मुलगे आहेत. आणि बिबट्या कुठंय?"

"कसला बिबट्या?"

नूनकिशूबाईंनी डोक्यावरची शाल बाजूला केली.

"मग तू इथे का बसलीस गं?" नूनकिशूबाईंनी विचारलं.

"तुम्ही बसलात म्हणून!"

"मी बसले, कारण टाकीमागे माझा जावई आहे."

मॅडम बाहेर आल्या, गुडघे झटकले आणि टाकीपाशी गेल्या. थंड सूप हातात धरून पारमुआत उभा होता. त्याला भावाच्या शेळ्या स्पष्ट दिसत होत्या.

"म्हणजे सासूसमोर जावयाने यायचंच नाही?"

"नाही, मॅडम."

"भांडायचंही नाही?"

"तोंडच बघायचं नाही, तर भांडणार कसं? माफ करा, पुन्हा असं..."

"हंगाम पक्का समजा," मॅडम म्हणाल्या. "पण पहिला आठवडा मला ठेवा. माझी आई आमच्याकडेच असते. ती आणि माझा नवरा सकाळच्या चहापासून सुरू होतात."

मग त्यांनी टाकीच्या मागे डोकावून पाहिलं.

"इथे नवऱ्यासाठी एक खुर्ची मावेल ना?"