आधी छप्पर, मग डुक्कर

चिनी अक्षराच्या रेघा चुकीच्या क्रमाने काढल्या, तर ते अक्षर वहीतून उठून चालायला लागतं. सांगलीतल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि प्रत्येकाला एकेक पेपरवेटही दिला होता. त्याचा काही उपयोग होत नाही.

मी कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला. चीनहून येणाऱ्या यंत्रांवरच्या सूचना वाचता याव्यात, एवढ्यासाठीच मी जात होतो. शेजारी आरवाडे बाई बसत. चौतीस वर्षं पहिलीच्या पोरांना शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना एकच अक्षर हवं होतं, घर. मुलगा चीनमध्ये चेंगडूला, सून तिथलीच, आणि सात वर्षांच्या लिनने, म्हणजे त्यांच्या नातीने, अजून सांगली पाहिली नव्हती. आजीने स्वतःच्या हाताने लिहून बोलावलं तरच जुलैच्या सुटीत येईन, असं तिने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. पोरीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बोलावणं नसताना कोण कुठे जातं?

चिनीत घर म्हणजे वर छप्पर आणि खाली डुक्कर. आधी छपराच्या तीन रेघा, मग डुकराच्या सात. बाई मात्र आधी डुक्कर काढत आणि सगळं झाल्यावर वरून रेघ ओढत. निम्म्या सांगलीला त्यांनीच शिकवलं होतं की आधी अक्षर, मग डोक्यावरची रेघ. उघड्यावर बसवलेलं डुक्कर छपरासाठी थांबत नाही. ते उठायचं, बाकावरून उतरायचं आणि अंगणात जायचं. मे महिन्यापर्यंत अंगणात एकेचाळीस डुकरं झाली. पाणी ठेवलं तर ती विरघळली असती, म्हणून बाई त्यांच्यासाठी बशीत शाई ओतून ठेवत.

शिकवणाऱ्या मगदूम मॅडम लहानपणी बाईंच्याच वर्गात होत्या. बाईंची चूक सांगताना त्या उभ्या राहत. शेवटी एक दिवस त्यांनी बाईंचं मनगट धरलं आणि छपराच्या तिन्ही रेघा आधी काढून घेतल्या. छप्पर सुरेख झालं. पण त्याखाली पेन उमटेना. दुसरं पेन घेतलं, तेही उमटेना.

बाई अंगणात गेल्या. पाठोपाठ आम्हीही गेलो. सगळ्यांत जुनं डुक्कर पुढे आलं.

"बाई, छप्पर एक नंबर झालंय बघा," ते म्हणालं. "पण तुमच्या हाताखाली आमच्यातलं आता कुणी यायचं नाही."

"आता नाही रे चुकणार मी."

"तुम्ही मनानं चांगल्या आहात. हाताचा भरवसा नाही."

मॅडमनी हे म्हणणं हजेरीपटात नोंदवून घेतलं. बाई पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझी नात यायची राहिली की रे." मला फार वाईट वाटलं. डुकरांनाही वाटलं असावं, कारण त्या दिवशी बशीला कुणी तोंड लावलं नाही.

आमच्या कारखान्यात मोठं यंत्र कधीच एका खोक्यात येत नाही. अर्धं आधी येतं, उरलेलं मागून. मी म्हटलं, नुसतं छप्पर पाठवा. मॅडमनी नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. अर्धं अक्षर म्हणजे चुकलेलं अक्षर नव्हे, इथपर्यंतचा क्रम बरोबर आहे, असा त्यांनी निर्णय दिला. बाईंनी दुसऱ्याच दिवशी छप्पर रजिस्टर टपालाने चेंगडूला पाठवलं. मग महिनाभर त्या रोज टपाल कचेरीत चौकशी करून वर्गाला येत. तिथल्या लोकांनी शेवटी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली.

कागद परत आला, पण टपालाने नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गाच्या दारात पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी उभी राहिली. मागे बाईंचा मुलगा आणि सून, दोघंही प्रवासाने आंबलेले. मुलीने कागद दोन्ही हातांनी पुढे धरला होता. बाईंच्या छपराखाली सात रेघांचं एक लहानसं, जरा वाकडं डुक्कर होतं. दोन विमानं आणि एक बस एवढा प्रवास होऊनही ते जागचं हललं नव्हतं.

"आजी," बापाने शिकवलेलं वाक्य ती सावकाश म्हणाली, "डुक्कर मी आणलं."

बाईंनी नातीला आणि डुकराला, दोघांनाही जवळ घेतलं.