काळ्या खिडकीतली अक्षरचोरी

माझ्या जावयाला कोणी नुसतं ‘बरे आहात ना’ म्हटलं, तरी तो उत्तर देत नाही, ओळख करून देतो. “एलिकेम. गुप्तहेर. व्होल्टा नदीच्या पूर्वेला माझ्या तोडीचा दुसरा सापडणार नाही.” पूर्वेला थोडं चाललं की आमचा घाना संपून टोगोची हद्द लागते, तेव्हा हा दावा फारसा मोठा नाही. “माझ्या नजरेतून काही सुटत नाही,” असंही तो म्हणतो. हे म्हणताना त्याच्या सदऱ्याचं एक बटण हमखास भलत्याच काजात असतं.

आमच्या केटा गावच्या चर्चच्या सभागृहात तीन दिवसांचं लिनक्सचं शिक्षण होतं. बोलावणं होतं माझ्या लेकीला, सेफाकोरला. मी होते कारण जेवणाचं काम माझ्याकडे होतं. जावईबापू होते कारण त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

लिनक्स म्हणजे काय, ते शिकवणाऱ्या डेलाने मला पहिल्याच दिवशी समजावलं. कॉम्प्युटर चालवायची विद्या, पण कोणा एकाच्या मालकीची नाही. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, सुधारावी, पुढे द्यावी.

“म्हणजे मी माझ्या मिरचीच्या वाटणाची कृती शेजारणीला सांगण्यासारखं?” मी विचारलं.

“अगदी तसंच, दावी.” आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला दावी म्हणतात.

तिथेच माझा विश्वास डळमळला. मी ती कृती सख्ख्या बहिणीलाही सांगितलेली नाही.

पण सेफाकोरचं सगळं या शिक्षणावर अडलं होतं. आमच्याकडे माणूस गेला की भिंतीभिंतीवर त्याचा मोठा रंगीत फलक लागतो. फलकाशिवाय गेलेला माणूस गेल्यासारखा वाटतच नाही. हे फलक सेफाकोर आग्बेकोच्या छापखान्यात बनवते, आणि आग्बेको त्यात हात घालून बिघडवतो. मागे एकदा त्याने मयताच्या जागी मयताच्या जिवंत भावाचा फोटो छापला. तो भाऊ अजून आमच्या गल्लीतून जात नाही. सेफाकोरला स्वतःचं दुकान हवं होतं. शेवटच्या दिवशी जेवणाच्या आत जो स्वतःच्या हाताने चित्रांचा प्रोग्रॅम बसवून दाखवेल, त्याला आपल्या समोरचा जुना कॉम्प्युटर घरी न्यायला मिळणार होता.

त्या सकाळी डेला जनरेटरचं बघायला बाहेर गेली. सेफाकोरने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम लिहिला. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. ती टाइप करू लागली, आणि पडद्यावर काही उमटेना. अक्षर नाही की ठिपका नाही. मोबाइलवर पिन टाकला तर निदान ठिपके तरी येतात.

“थांब,” तिच्या खुर्चीमागून एलिकेम म्हणाला. “कशालाही शिवू नकोस. इथे चोरी झाली आहे.”

“अहो, कीबोर्ड बिघडला असेल.”

“बाकीची अक्षरं उमटली. फक्त पासवर्डची गायब. म्हणजे चोराला मोल कळतं.” आणि पुरावा जपायचा म्हणून त्याने वायर उपटली. कॉम्प्युटर मेला. पुन्हा उठायला त्याने एवढा वेळ घेतला की माझा भात शिजून झाला.

तेवढ्या वेळात गुप्तहेरांची नजर कॉम्प्युटरच्या पेटीवर चिकटवलेल्या पेंग्विनच्या चित्रावर गेली. “हा कोण? उडत नाही, आपल्याकडे राहत नाही, कोणी पाळलेला नाही. मग केट्यात याचं काम काय?”

“तो लिनक्सचा पक्षी आहे,” सेफाकोर म्हणाली.

“प्रत्येक टोळीची खूण असते.” त्याने त्या पक्ष्याच्या चोचीवर कागद चिकटवला. सेफाकोरने पुन्हा टाइप केलं. पुन्हा काही दिसेना. पुन्हा वायर.

पेंग्विनवर माझा संशय नव्हता. माझा संशय मागच्या बाकावरच्या डोडझीवर होता. तो आग्बेकोचा भाचा. मामाचा धंदा वाचवायला भाच्यानेच काहीतरी केलं असणार, हे मला त्याच्या शांतपणावरून कळलं. सकाळी मी त्याला मुद्दाम माशाचं शेपूट वाढलं होतं. मी जावयाला हळूच तसं सुचवलं.

“सकाळी काय खाल्लंस?” एलिकेमने त्याला दरडावलं.

“मासा.”

“कुणाकडचा?”

“तुमच्या सासूबाईंकडचा. शेपूट होतं.”

“तुझ्या पडद्यावर पासवर्ड दिसतो?”

“नाही दिसत. पण मी—”

“विचारलं तेवढंच सांग. सासूबाई, चोरी वाढत चालली आहे.”

सेफाकोर माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, आणि माझी लेक तिच्या बापाला पुरतानाही चारचौघांत रडली नव्हती. “आई, यांना घेऊन जा. कुठेही ने.”

मग मात्र मी संशय बाजूला ठेवला. बांकूचं, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडीचं, मोठं पातेलं मला एकटीला उचलत नाही, असं मी जावयाला सांगितलं. तीस वर्षं मी ते एकटीच उचलते आहे. पातेलं बाहेरच्या चुलीवरून उतरवणं, ते उलट्या बाजूने धरणं आणि त्यावर भाषण करणं, यात त्याचा बराच वेळ गेला.

आम्ही आत आलो तेव्हा सेफाकोरच्या पडद्यावर रंगांच्या पेट्या उघडल्या होत्या आणि डेला तिच्या पाठीवर थाप मारत होती.

“चोर सापडला?” एलिकेमने विचारलं.

“काही दिसत नव्हतं, तरी तसंच शेवटपर्यंत टाइप केलं आणि एंटर दाबलं,” सेफाकोर म्हणाली. “झालं.”

“मीही तेच केलं,” डोडझी म्हणाला. “केव्हाच.”

“पासवर्ड दिसतच नाही,” डेला म्हणाली. “मुद्दामच तसं केलंय. मागून कोणी डोकावलं तरी वाचता येऊ नये म्हणून.”

“पण मागून डोकावणार कोण?” एलिकेम म्हणाला. तो तेव्हा पुन्हा सेफाकोरच्या खुर्चीमागेच, मान पुढे काढून उभा होता.

सभागृहातल्या सगळ्यांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं. डोडझीला मी दुपारी डोक्याकडचा तुकडा वाढला. माफी मागायची मला सवय नाही.

जेवण झाल्यावर कॉम्प्युटर उचलायची वेळ आली, तसे गुप्तहेर घसा साफ करून लोकांना सांगू लागले की प्रकरण आपण कसं उलगडलं. मी पेटी उचलून त्यांच्या हातात दिली.

“जावईबापू, ज्यांनी हे यंत्र शिकवून ठेवलं त्यांनी तुम्हाला जन्मात पाहिलेलं नाही. तरी त्यांना ठाऊक होतं की बाईच्या पाठीमागे तुमच्यासारखा कोणीतरी उभा राहणारच. माझ्या लेकीच्या दुकानात तुमची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून असेल. चला आता, आणि पेटी सरळ धरा.”